इतर हक्कांचा रकाना

गिरणारे मागे पडतं, द्राक्षबागा विरळ होतात आणि वाघेरा घाट लागताच तुम्ही गाडीची काच खाली करता. मोबाइलवर ती जाहिरात उघडीच आहे. डोंगरातलं घर, चित्रकारासाठी वास्तुविशारदानं खास आखलेलं. खाली राहायचं, वर काम करायचं. काळ्या दगडाच्या भिंती, स्टुडिओत उत्तरेचा उजेड, खिडकीत सबंध दरी. प्रवेशद्वाराच्या भिंतीवर गेरूच्या रंगात पांढरी माणसं तारपा वाजवणाऱ्याभोवती फेर धरून नाचताहेत. उत्तरेच्या उजेडाचं महत्त्व तुम्हाला कुणी सांगायला नको. ऊन सहसा थेट आत येत नाही, दिवसभर सावल्या जागा सोडत नाहीत, सकाळी लावलेला रंग दुपारी वेगळा भासत नाही. फ्लॅटच्या गॅलरीत इझल उभं करून तुम्ही बरीच वर्षं काढली आहेत. आता हे घर हवं आहे.

हरसूलच्या नाक्यावर एजंट भेटतो. चहा सांगतो आणि म्हणतो, ‘साहेब, आधी जागा बघून घ्या. कागदाचं आपण बघू.’ तुम्ही आधी कागद मागता. तो जरा थांबतो, मग पिशवीतून सातबारा काढतो. वरच्या भागात भोगवटादाराचं नाव आहे, ते जाहिरात देणाऱ्याचं नाही. बाजूला ‘इतर हक्क’ असा रकाना आहे आणि त्यात एक ओळ: महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६, कलम ३६ व ३६अ ला अधीन. त्याखाली फेरफार क्रमांक आहेत, प्रत्येकाभोवती तलाठ्यानं काढलेलं वर्तुळ. ‘ती ओळ सगळ्यांच्याच उताऱ्यावर असते,’ एजंट म्हणतो. आदिवासी खातेदारांच्या उताऱ्यावर खरंच असते. म्हणून तर ती वाचायला हवी.

सगळ्यात जुन्या वर्तुळावर बोट ठेवा आणि त्याच्याही मागे जा, सातबारा नव्हता तिथवर.

•

१८५७ चा डिसेंबर आहे. हरसूल नाशिक जिल्ह्यात नाही, पेठ संस्थानात आहे. त्या गादीवर कुणी राजा नाही. कारभार इंग्रजांच्या देखरेखीखाली चालतो आणि घराण्यातल्या बेगमेला नेमणूक मिळते. तुम्ही बाजारात मीठ घेऊन आलेले व्यापारी आहात. पोत्यांवर घोंगडी टाकली आहे, कारण पहाटेचं दव अजून उतरतं आहे. समोर नागली आणि वरई घेऊन आलेली माणसं उकिडवी बसली आहेत. त्यांच्याशी तुमचा व्यवहार रोख्याचा असतो: आज मीठ आणि कापड, सुगीला धान्य. हिशेब तुमच्या वहीत राहतो. त्यांच्याकडे वही नाही.

आज मात्र बाजारात गर्दी वेगळी आहे. टोपल्या कमी, कोयते आणि तीरकमठे जास्त. पेठच्या गादीवर हक्क सांगणारे भगवंतराव या माणसांच्या पाठीशी आहेत अशी कुजबुज तुम्ही दोन दिवस ऐकता आहात. त्र्यंबकच्या बाजूनंही गडबडीची खबर आली आहे. दिवस वर येईतो आरडाओरडा सुरू होतो आणि तुम्ही पोती सोडून, वही काखेत मारून पळत सुटता. बाजार लुटला जातो. पुढं पलटण येते, धरपकड होते, भगवंतरावांना आणि त्यांच्या बरोबरच्यांना फाशी दिलं जातं.

पळताना तुम्ही मीठ टाकलं पण वही टाकली नाहीत. या डोंगरात कागद कुणाच्या काखेत आहे यावर बरंच ठरतं. हे ध्यानात ठेवा आणि पुढं चला.

•

१८७८. बेगम वारल्या आहेत, पेठ संस्थान खालसा होऊन नाशिक जिल्ह्याचा तालुका झालं आहे, आणि हरसूलही त्याबरोबर इंग्रजी दप्तरात शिरलं आहे. याच वर्षी हिंदुस्थानचा नवा जंगल कायदा आला आहे. आता तुम्ही व्यापारी नाही. तुम्हाला घर बांधायचं आहे आणि त्यासाठी सागाच्या मेढी हव्यात. काल-परवापर्यंत तुमचा बाप डोंगरात जाऊन झाड निवडायचा, झाडाला हात जोडायचा आणि कुऱ्हाड चालवायचा. आता राखीव जंगलाच्या हद्दीवर खुणा होऊ लागल्या आहेत. त्या हद्दीच्या आत तुमचा साग सरकारचा आहे.

कसायची जमीनही अजून पुरती ‘तुमची’ झालेली नाही. उतारावरचा माळ दोन-तीन वर्षं करायचा, नागली-वरई-खुरसणीची पाळी फिरवायची, जमीन थकली की ती पडीक टाकून दुसरी धरायची, अशी इथली रीत. डोंगराळ गावांत सारासुद्धा कित्येक वर्षं जमिनीच्या मापावर नव्हे, औतावर बसत आला. ज्याच्या घरी बैलजोडी, त्याच्यावर आकारणी. विकायचं म्हटलं तर काय विकणार? जमिनीला चतुःसीमा नाहीत, घराच्या लाकडाला परवाना नाही. तुमच्या हातात आहे ते एकच, घर कसं उभं करायचं याचं ज्ञान. मोजणीदाराच्या साखळीत ते बसत नाही.

•

यापुढचं वर्ष कुठल्याच वर्तुळात सापडत नाही. गावात कुणी साल मोजत नाही. विचारलंत तर ‘कारवी फुलली त्याच्या दुसऱ्या उन्हाळ्यात’ असं उत्तर येईल. कारवी साधारण आठ वर्षांनी एकदाच फुलते. सगळा डोंगर एकदम निळा-जांभळा होतो, बी धरतं आणि झाड वाळतं. वाळलेल्या त्या सरळ काठ्यांसाठीच तुम्ही इथं आला आहात. वारली पाड्यावर एक घर बांधलं जातं आहे आणि सावडीला माणसं जमली आहेत. मजुरी कुणी घेत नाही. जेवण, मोहाची दारू, आणि तुमच्या घराच्या वेळी त्यांची पाळी.

आधी मेढी उभ्या राहतात. फांदी फुटते तिथं तोडलेला खांब म्हणजे मेढ. वरच्या बेचक्यात आडवं लाकूड आपोआप बसतं, खिळा लागत नाही. मधल्या उंच मेढींवर आढं, त्यावरून दोन्ही बाजूंना उतरते वासे, वाशांवर बांबूच्या कामट्या. सगळं दोरानं आणि सालीनं आवळून बांधायचं. छपरावर सागाची पानं, गवत, भाताचा पेंढा. उतार तीव्र ठेवायचा, कारण या पट्ट्यात वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळतो आणि तोही चार महिन्यांत. वळचण इतकी खाली आणतात की दारातून आत जाताना वाकावं लागतं. पाऊस तिरका आला तरी भिंतीला लागत नाही.

भिंत म्हणजे कूड. कारवीच्या काठ्या दाट लावून आडव्या बांबूंना बांधायच्या आणि दोन्ही अंगांनी शेण-मातीचा लेप द्यायचा. छपराचं वजन कुडावर नसतं, ते मेढींवर. त्यामुळे कूड हलका असतो, कधीही उकलता येतो आणि बिघडेल तेवढाच बदलता येतो. पुढच्या शतकात शहरातले वास्तुविशारद काँक्रीटच्या खांबांवर इमारत तोलून भिंतींना मोकळीक देतील आणि त्याला आधुनिक म्हणतील. तुमच्या समोरचा म्हातारा तेच करतो आहे आणि वर आढ्याकडं बघून ओरडतो आहे, ‘ये पोरा, दोर वढ जरा!’

घर आतून बघा. खिडकी नाही. एका कुडापलीकडं गुरं, अलीकडं माणसं. कणगीत भात. चुलीच्या धुराला वाट काढून दिलेली नाही. तो छपरात मुरतो, पेंढ्यातनं पाझरत बाहेर जातो. डोळे चुरचुरतात, पण त्या धुरानंच बांबूला कीड लागत नाही आणि माळ्यावरचं बियाणं टिकतं. दारातून आलेला उजेड चार हातांवर संपतो. पुढं काळोख आहे. उत्तरेच्या खिडकीसाठी तुम्ही जाहिरातीतला स्टुडिओ पसंत केला होतात. इथला चित्रकार ऐन काळोखातली भिंत निवडतो.

आता त्या घरात लग्न निघालं आहे. पुरुषांनी मांडव घातला. तुम्ही सुवासिनींमध्ये बसला आहात, कारण लग्नाचा चौक काढण्याचा मान त्यांचा. आतल्या भिंतीला ताजं शेण सारवून वर गेरू दिला आहे. भिंत ओलसर लाल दिसते. रात्री भिजत घातलेले तांदूळ पाट्यावर वाटून त्यात पाणी सोडलं आहे. काडीचं टोक दातानं चावून त्याचा कुंचला केला आहे. तुमच्या हातातला कुंचला तुमच्याच दातांनी घडवलेला आहे, त्यामुळे तुमची रेघ शेजारणीच्या रेघेसारखी निघत नाही.

आधी चौकट. चौकोन, त्याच्या आत चौकोन, मधल्या पट्ट्यांत साखळीची आणि बाशिंगाची नक्षी. मग मध्यभागी पालघाट देवी, जिच्यामुळे कणगी भरलेली राहते आणि कूस रिकामी राहत नाही. बाजूला लहान चौक, त्यात घोड्यावरचा पंचशिऱ्या देव. फणी, शिडी, चंद्र, सूर्य. चौकाबाहेर झाडं आणि झाडांवर चढणारी माणसं, भात कांडणाऱ्या बाया, वरात, एखादा वाघ. त्याला वगळलं तर तो रागावेल. धवलेरी बाजूला बसून गाते आहे. लग्न लावण्याचा अधिकार तिचा. गाण्यातून ती एकेका देवाला बोलावते आणि तुम्ही एकेकाला भिंतीवर जागा देता. चौक पुरा होत नाही तोवर लग्न पुढं सरकत नाही. वरपक्षाची माणसं मांडवात ताटकळतात. ताटकळू देत. कंत्राटदार आणि मालक यांच्यात ज्या तारखेवरून भांडण होतं तशी तारीखच इथं नाही. काम पुरं झालं की वेळ झाली.

दिव्याच्या उजेडात पांढऱ्या रेघा हलतात. एक पोर विचारतं, ‘आजी, हे कवा पुसायचं?’ पुसत नाहीत. धूर पुसतो, पाऊस पुसतो. पिठाचा पापुद्रा सुटतो, दोन पावसाळ्यांत देवी अर्धी होते, पुढच्या लग्नाला भिंत पुन्हा सारवली जाते. कुणाच्या डोळ्यांत पाणी येत नाही. घर आणि चित्र दोन्ही पुन्हा पुन्हा करण्याच्या गोष्टी आहेत आणि करता येणारी माणसं घरातच आहेत. राहण्याची जागा आणि कामाची जागा एकच असण्याचा जो थाट तुमच्या जाहिरातीत ठळक अक्षरांत छापला आहे, त्याचा हा मूळ नमुना. फक्त इथं घर आधी बांधून नंतर त्यात कलाकार राहायला येत नाही. घर, चित्र आणि पीक, तिन्ही त्याच हातांतून निघतात. हात बाजूला काढले तर उरतं ते शेण, काठ्या आणि वाटलेले तांदूळ.

•

आता वर्तुळं पुन्हा दिसू लागतात आणि ती झपाट्यानं येतात.

१ एप्रिल १९५७. मुंबई राज्यात कूळकायद्यानं कसणाऱ्याला मालक ठरवण्याचा दिवस. जमिनीला आता गट आहे, हद्द आहे, नाव आहे. ज्याला नाव आहे ते खोडताही येतं. तुम्ही सावकाराच्या ओट्याखाली उभे आहात. पावसाळ्याआधी राब भाजून झाला आहे, बियाणं नाही, पोरीच्या लग्नाचं देणं आहे, घरात औषध हवं आहे. ओट्यावर वही उघडी आहे. सावकार दांडगाई करत नाही. तो गोड बोलतो, पाणी विचारतो, ‘तुझी काय घाई आहे रे, बस ना’ म्हणतो आणि घाई तुमचीच आहे हे दोघांनाही माहीत असतं. ज्या जमिनीवर चार पिढ्या जगल्या तिची किंमत तो सांगतो आणि ती त्या वर्षाच्या गरजेएवढीच असते. तुम्ही अंगठा उठवता. शाई तुम्ही घरी जाऊन राखेनं घासता. कागद त्याच्याकडं राहतो.

गहाणाचं खरेदीखत कसं झालं, खंडानं दिलेली जमीन परत का आली नाही, हे तुम्हाला पुढच्या पावसात कळतं. बांधावर दुसऱ्याचा माणूस उभा असतो तेव्हा. असं एका पाड्यावर नाही, राज्यभरच्या आदिवासी पट्ट्यांत होत राहिलं. इतकं की सरकारला त्याला दोन तारखांच्या कंसात घालावं लागलं.

६ जुलै १९७४ ही त्यातली दुसरी तारीख. जमीन महसूल अधिनियमात कलम ३६अ दाखल होतं: आदिवासी खातेदाराची जमीन बिगरआदिवासीकडे विक्रीनं, बक्षिसानं, अदलाबदलीनं परवानगीशिवाय जाऊ शकणार नाही. पाच वर्षांपर्यंतचा भाडेपट्टा किंवा गहाण असेल तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी हवी. त्यापलीकडच्या कुठल्याही हस्तांतराला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीआधी राज्य सरकारची मंजुरी हवी. पाठोपाठ जमीन परत करण्याचा कायदा येतो. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात बिगरआदिवासींकडे गेलेल्या जमिनी मूळ खातेदाराला परत द्यायच्या. तुम्ही पेठच्या तहसील कचेरीत बापाचा अंगठा असलेली नक्कल घेऊन बसता. कुणाला जमीन मिळते, कुणाला तारीख मिळते. पण उताऱ्यावर एक ओळ आली आहे. १८५७ मध्ये व्यापाऱ्याच्या काखेत असलेला कागद पहिल्यांदाच तुमच्या बाजूनं काही बोलतो आहे.

त्याच सुमारास डोंगराच्या पश्चिम उतारावर, जव्हारच्याही खाली, डहाणू तालुक्यात दुसरं काही घडतं आहे. भास्कर कुलकर्णी नावाचे चित्रकार पाड्यांवर हिंडताहेत. त्यांच्यासोबत कागद आहेत. हस्तकलांसाठी काम करणाऱ्या पुपुल जयकरांच्या सांगण्यावरून हेच गृहस्थ १९६० च्या दशकात दुष्काळी बिहारमध्ये मधुबनीला गेले होते आणि तिथल्या बायकांच्या हाती त्यांनी कागद दिले होते, भिंतीवरचं चित्र विकता यावं, हातात पैसे यावेत म्हणून. आता ते वारल्यांच्या भिंती बघताहेत. चौक काढायच्या त्या बायका. पण गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांना चित्र काढायला लग्न लागत नाही. ते मनाला येईल तेव्हा काढतात, रोज काढतात. कागद त्यांच्या हाती येतो आणि त्यावर देवीच्या चौकाऐवजी मासेमारीचं जाळं, मुंग्यांचं वारूळ, फिरत जाणारा तारप्याचा फेर उतरतो. १९७६ मध्ये त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळतो. २०११ मध्ये पद्मश्री. २०१८ मध्ये ते गेले तोवर त्यांची चित्रं जगभरच्या दालनांत लागून गेली होती. ब्रिटिश कलावंत रिचर्ड लाँग यांनी त्यांच्याबरोबर प्रदर्शन मांडलं होतं.

ही दोन वर्तुळं शेजारी ठेवा. १९७४ मध्ये कायद्यानं भिंतीखालची जमीन बाजारातून बाहेर काढली. १९७६ पर्यंत भिंतीवरचं चित्र बाजारात दाखल झालं. दोन्ही निर्णय वेगवेगळ्या कचेऱ्यांत, वेगवेगळ्या माणसांनी घेतले. एकमेकांचा त्यांना पत्ताही नसावा. पण पाड्यावरच्या घराची त्यांनी उभी वाटणी केली: हे विकता येईल, हे नाही. तोवर इथं अशी वाटणी कुणी केलीच नव्हती, कारण भिंत, चित्र आणि जमीन वेगळं काढून बघायचं कारण कुणाला पडलं नव्हतं.

•

वाटणीनंतरचं घर कसं दिसतं ते बघत या.

चित्र कागदावर गेलं, मग कापडावर. शेण-गेरूचा लेप आता कापडाला देतात, पिठाच्या जागी पोस्टर रंग आला, चावलेल्या काडीच्या जागी बारीक ब्रश. पापुद्रा सुटणं थांबलं. विकत घेतलेलं चित्र टिकायला हवं. साडीवर, मगवर, विमानतळावर, शाळेच्या कुंपणावर तो तारप्याचा फेर गेला. यातला किती वारली हातांनी काढलेला आणि किती छापखान्यानं, हे बघणाऱ्याला कळेनासं झालं. २०१४ मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळालं.

आणि घर? कारवी तोडायला जंगलात जावं तर गार्ड. पेंढा गुरांनाच पुरत नाही. मेढीला साग कुठला आणायचा? मग सरकारी घरकुल येतं. २०१६ पासूनच्या पंतप्रधान आवास योजनेत किमान २५ चौरस मीटरचं. एक खोली, स्वयंपाकाचा कोपरा, सिमेंटचा गिलावा, वर पत्रा किंवा स्लॅब. पावसात गळत नाही, दरवर्षी शाकारावं लागत नाही, साप आत येत नाही. ज्यांनी आयुष्यभर जूनमध्ये छपराकडं बघत रात्र काढली त्यांना हे विचारा, ते कुडाच्या आठवणी काढून उसासे टाकत बसणार नाहीत. पण त्या खोलीत चार माणसं झोपतात आणि मोठ्या कापडाला आडवं व्हायला जागा लागते. चित्रकार ओटीवर येऊन बसतो. ओटीवर उजेड भरपूर आहे, पावसाळ्यात झडही भरपूर. काम करण्याची खास जागा या घराच्या आराखड्यात कुणी धरलेली नाही. आराखडा ठरवणाऱ्याच्या लेखी इथं मजूर राहतो.

तेही खोटं नाही. भात कापून झाला की बिऱ्हाड गिरणाऱ्याच्या रस्त्याला लागतं. सकाळी नाक्यावर उभं राहायचं, बागायतदार येऊन माणसं निवडणार, छाटणीला, विरळणीला, काढणीला. घाट लागण्याआधी तुम्हाला ज्या बागा देखण्या वाटल्या त्या हरसूल-पेठच्या हातांनी उभ्या आहेत. वर डोंगरात एवढा पाऊस पडूनही उन्हाळ्यात बायका हंडे घेऊन विहिरीच्या तळाशी उतरतात. पाणी कोसळतं आणि निघून जातं. तेच पाणी अडवणारी धरणं खालच्या माणसांच्या कामी येतात.

२०१८ चा मार्च. तुम्ही नाशिकहून निघालेल्या शेतकऱ्यांच्या त्या लांबच लांब लाल रांगेत चालता आहात. पायात फाटकी चप्पल, पिशवीत भाकरी. ६ तारखेला निघालेला मोर्चा १२ ला मुंबईत पोहोचायचा आहे. परीक्षा देणाऱ्या पोरांना त्रास नको म्हणून शेवटचा टप्पा रात्रीच चालून संपवला जातो. मागण्यांत वनहक्काचे पट्टे आहेत. १८७८ मध्ये सरकारची झालेली ती जमीन कसणाऱ्याच्या नावावर करा, २००६ चा वनहक्क कायदा नीट राबवा. त्या कायद्यात चार हेक्टरची मर्यादा आहे. आणखी एक अट आहे: हा हक्क वारशानं पुढं जातो, पण विकता येत नाही. शेजारी चालणाऱ्या म्हाताऱ्याला तुम्ही विचारता, विकताच येणार नसेल तर त्या कागदाचा उपयोग काय? तो तुमच्याकडं न बघताच उत्तर देतो, ‘म्हणून तर हवा. विकता आली असती तर आमच्याकडं राहिली असती का?’

•

परत आलात. एजंटचा चहा गार झाला आहे आणि तो सौदा समजावून सांगतो आहे. नाव त्यांचंच राहू द्या, करार आपण वेगळा करू. किंवा आपल्या ओळखीचा एक आदिवासी माणूस आहे, त्याच्या नावावर घेऊ, घर तुम्ही बांधा. सगळे असंच करतात. आर्किटेक्टचा आराखडा तयार आहे, मुंबईचा माणूस आहे, कुडाची भिंत पण दाखवली आहे, शोभेची.

आता हा आराखडा तुम्हाला वाचता येतो. मेढींनी तोललेलं छप्पर त्यात स्टीलच्या खांबांनी तोललं आहे. कूड आहे, पण त्यामागं काँक्रीटची भिंत आहे, त्यामुळे तो उकलायचा नाही आणि सारवायचाही नाही. चौक आहे, पण तो बाहेर, गाडी लावायच्या जागेजवळ, पाहुण्यांना दिसेल असा. आणि ज्याच्या नावावर हे सगळं उभं राहील त्या माणसाला आराखड्यात खोली नाही. आर्किटेक्ट वाईट नाही. त्याला नकाशावर फक्त उतार दिला गेला, उतारा दिला गेला नाही. अशा करारावर उभं राहिलेलं घर कायद्यापुढं टिकत नाही हे वकील तुम्हाला सांगेलच. तो धोका पैशांचा आहे आणि तुमचा तुम्ही तोलू शकता. पण ती ओळ कशासाठी लिहिली गेली हे कळल्यावर तिला वळसा घालणं म्हणजे नुसती जोखीम राहत नाही. तो एक पक्ष होतो.

डोंगरात स्टुडिओ हवा ही इच्छा वाईट नाही. बिगरशेती झालेली, निर्वेध नावाची जमीन नाशिकच्या आसपास मिळते. तिथं उत्तरेची खिडकी काढा, वळचण खाली आणा, पाऊस समजणाऱ्या आर्किटेक्टला बोलवा. हरसूलमध्ये विकत घेण्यासारखं जे आहे ते भिंतीवरून कधीच खाली उतरलं आहे आणि ओटीवर वाळत पडलं आहे. ते घ्या. दलालाकडून नको, काढणाऱ्याच्या हातून घ्या. त्यावर त्याचं किंवा तिचं नाव घालून मागा. तुमच्या नव्या घराच्या भिंतीवर चौक हवा असेल तर चित्रकार म्हणून बोलवा, रोजंदारीवर नको.

एक गोष्ट मात्र तुम्हाला एकट्यालाच सांभाळावी लागेल. जमीन स्वस्तात जाऊ नये म्हणून कायद्यानं ती बिगरआदिवासीला मंजुरीशिवाय विकायलाच बंदी केली. चित्राला अशी बंदी नाही आणि नसावी, कारण त्यावर चूल पेटते. मानांकन चित्राचं नाव राखतं, भाव राखत नाही. भाव ओटीवर ठरतो. समोर एक माणूस असतो ज्याला शाळेची फी, औषध किंवा बियाणं आत्ता हवं असतं, आणि एक तुम्ही, ज्यांना काहीच घाई नसते. तिथं बसून तुम्ही ‘एवढ्याला द्या, दोन घेतो’ म्हणाल तेव्हा साल कुठलंही असो, तुम्ही सावकाराच्या ओट्यावर असाल, आणि या वेळी वही तुमच्या मांडीवर असेल.